पाय वर करून बसलेला चौरंग

मी चौरंग बोलतोय. आवाज जरा दबलेला वाटला तर रागावू नका, सध्या मी उलटा आहे. पाठ जमिनीला टेकलेली, चारही पाय छताकडे. ज्या पाठीवर बावीस वर्षं देव बसले ती खाली, आणि जे पोट आजवर कोणी पाहिलं नव्हतं ते वर. असं का, तेच सांगायचंय. सांगताना मधेच चीड येईल. चौरंगाने चिडू नये हे मलाही कळतं, पण यंदा फार चीड आली.

माझा जन्म एका नवसातून झाला. लालबागच्या चाळीत राहणाऱ्या नलूताईंचा मुलगा हितेंद्र दहावीला गणितात दोनदा नापास झाला होता. दुसऱ्या खेपेचा निकाल घेऊन आला तो जिन्यातच बसून राहिला, वर आलाच नाही. त्या संध्याकाळी नलूताईंनी चाळीखालच्या मारुतीसमोर हात जोडले. "बाबा, एवढा गणितात सुटू दे. सागवानी चौरंग करीन आणि त्यावर सत्यनारायण घालीन." तिसऱ्या खेपेला हितेंद्र सुटला. पस्तीस मार्क. एक कमी नाही, एक जास्त नाही. कोंडीराम सुतार एका बंद गिरणीच्या मोडीत निघालेल्या दरवाजाची फळी घेऊन आला, रंधा मारला, चार पाय बसवले, आणि मी झालो. म्हणजे मी पस्तीस मार्कांचा चौरंग. हे विसरू नका.

नलूताईंनी मला फार जपलं. माझ्यावर सत्यनारायण झाला, गौरी बसल्या, मार्गशीर्षातल्या गुरुवारचा घट बसला. मला पुसायचं फडकं वेगळं. मला कोणाचा पाय लागायचा नाही. पाहुण्यांच्या एखाद्या पोराने चुकून माझ्यावर बूड टेकलं, तरी नलूताई "उठ रे बाळा, तो देवाचा" म्हणून हळूच हाताला धरून उठवायच्या. आणि सर्वांत मोठा नियम हा की मला कधी उलटं ठेवायचं नाही. उलटा चौरंग म्हणजे घरातून देव उठले, असं त्यांच्या सासूबाईंनी त्यांना सांगितलेलं.

पण खरं सांगू? वर्षातले दहाबारा दिवस सोडले तर मी कपाटामागे भिंतीला टेकून उभा असायचो. हार, हळदकुंकू, आरती, आणि मग कपाटामागचा अंधार. मला वाटायचं, मान मिळणं म्हणजे हेच असतं.

मग घरात अक्षदा आली. हितेंद्रची बायको, आणि गणिताची बाई. परळच्या एका मराठी शाळेत दहावी 'ब'ला शिकवते. लग्न ठरलं तेव्हा हितेंद्र आईला म्हणाला होता, "मला गणिताने दोनदा पाडलं, आता जन्मभर बसवलंच समोर."

अक्षदाच्या वर्गात एकतीस मुलं. रोज येणारी पंचवीस-सव्वीस. बाकीची कुठे? कोणाच्या घरी लहान भावंडं, कोणी गावाला गेलेलं, कोणी सकाळी दुकानात. त्यांतली एक दीपिका. ती डिलाईल रोडच्या चाळीत राहते. आई कमलाबाई एका दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसते, वडील नाहीत. जूनमध्ये दीपिकाचे आजोबा, कुशाबा, मोरीत घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. दिवसभर त्यांच्याजवळ कोण बसणार? दीपिका बसली. हुशार मुलगी. तिला डिप्लोमा करून इमारतींचे नकाशे काढायचेत. आणि कमलाबाईंनी अक्षदाला फोनवर सांगितलं होतं, "बाई, ती गणितात राहिली तर पुढचं वर्षही ती घरातच बसेल. मला तसं नकोय, पण माझ्याकडे दुसरं माणूस नाही."

अक्षदाने त्याच आठवड्यात ठरवलं की न येणाऱ्या मुलांपर्यंत वर्ग न्यायचा. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ती शिकवायला लागली. पहिल्या दिवशी फोन घसरून आमटीत. दुसऱ्या दिवशी फोन राहिला, पण मागे कुकरच्या तीन शिट्ट्या. मुलांनी लिहिलं, "बाई, डाळ शिजली का?" शिवाय तिचा चेहरा दिसायचा, वही दिसायची नाही. भूमिती काय चेहऱ्यावर शिकवतात? मुलांना दिसायला हवा तो हात. कंपासचं टोक कुठे टेकलं, किती उघडला, कंस कुठे मारला.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी नलूताई देवळात गेल्या होत्या. अक्षदाने मला कपाटामागून काढलं आणि सरळ उलटं केलं. मी हादरलोच. मग तिने फ्रिजमधली, भाजीच्या खणावरची काच काढून माझ्या चार पायांवर आडवी ठेवली. काचेवर फोन, त्याचा डोळा खाली. माझ्या पोटावर वही. पायांच्या मधून तिचा हात आत आला आणि कंपासचं टोक टेकलं. चार मिनिटं. वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका. बावीस वर्षांत माझ्या अंगावर इतकं काही घडलं नव्हतं.

आणि दारात नलूताई. हातात तुळशीची माळ.

"अगो, हे काय गो?"

"आई, पाचच मिनिटं. ठेवते सरळ."

"उलटा?" एवढंच म्हणाल्या. आवाज चढला नाही, त्यांचा कधी चढत नाही. आत गेल्या, फ्रिज उघडला. "आणि भाजीच्या खणावरची काच?"

"ती... ती पण यालाच लागलीय."

रात्री जेवताना अक्षदाच्या फोनवर एक बोलका निरोप आला. तिने तो सगळ्यांसमोर लावला. बारीक आवाज, मागे एका म्हाताऱ्या माणसाचा खोकला. "बाई, मी दीपिका. मी आजपर्यंत कंपास चुकीच्या ठिकाणी टेकवत होते. आज दिसलं. तुमचा हात दिसला म्हणून दिसलं. उद्या पण पाठवाल का? एकच पाठवा, पण पाठवा."

नलूताईंनी तो निरोप परत लावायला सांगितला. मग हितेंद्रकडे बघितलं. तो ताटाकडे बघत होता. जिन्यात बसलेला तो पोरगा त्या दोघांनाच आठवत असणार.

दुसऱ्या दिवशी आषाढी. चातुर्मासाचा नेम धरायचा दिवस. चाळीत कोणी वांगं सोडलं, कोणी गोड सोडलं. नलूताई अंघोळ करून आल्या, मला पुसलं, नमस्कार केला, आणि स्वतःच्या हाताने उलटं ठेवलं.

"कार्तिकीपर्यंत रोज एक," त्या अक्षदाला म्हणाल्या. "तू शिकव, मी मांडून देते. देव काय, पाटावर बसतील थोडे दिवस. त्यांना कुठे दहावी द्यायचीय?"

ते चार महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. संध्याकाळी सहाला नलूताई काच धुऊन ठेवायच्या, शेजारच्यांना टीव्ही हळू करायला सांगायच्या, कुकर लावायच्या नाहीत. अक्षदाचेही नियम होते. व्हिडिओ चारच मिनिटांचा, त्यात एकच गणित, आणि शेवटची पायरी मुद्दाम मोकळी सोडलेली. ती मुलांनी सोडवायची आणि वहीचा फोटो फक्त बाईंना पाठवायचा, सगळ्यांत नाही, म्हणजे चुकलेल्याला लाज वाटत नाही. मग ती एकेकाला बोलून सांगायची, "तुझी तिसरी ओळ बघ, तिथे उणे राहिलंय." बहुतेक मुलांच्या घरात एकच फोन आणि तो आईवडिलांबरोबर कामावर जातो, म्हणून व्हिडिओ जायचा साडेसातला, फोन घरी परतल्यावर. चेहरा कोणाचाच नाही, फक्त हात. वर्गाच्या ग्रुपवर सुप्रभात नाही, फुलं नाहीत, सुविचार नाहीत. यावर काही पालक रुसले. एक बाई म्हणाल्या, "निदान गुरुवारी दत्ताचा फोटो तरी टाकू द्या." अक्षदाने हसून नाही म्हटलं.

नलूताईंचं मात्र उलटं. त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर दिवसाला चाळीस फोटो. 'अकरा जणींना पाठवा, सायंकाळपर्यंत शुभ वार्ता येईल.' आणि नलूताई पाठवायच्या. मनापासून. एक जरी चुकली तर बोटाला चैन नाही. मी बघायचो आणि गप्प बसायचो. तेव्हाच बोलता आलं असतं तर!

कार्तिकी झाली तरी नेम सुटला नाही. सहामाहीत दीपिकाला गणितात एकसष्ट. ती फक्त परीक्षेपुरती शाळेत आली होती. कमलाबाईंनी पेढे पाठवले.

मग मार्गशीर्ष लागला. मच्छीमार नगरातल्या चंपा कोळीण वर्षानुवर्षं आमच्या चाळीत मासळी घेऊन येतात. मार्गशीर्षात चाळ मासळी बंद करते, तरी त्या एकदा नुसत्या गप्पा मारायला येऊन जातात. दारात टेकल्या आणि मला बघून म्हणाल्या, "वैनी, तुमचा देव पाय वर करून झोपलाय का?"

अक्षदा समभुज चौकोनाची उजळणी घेत होती. तिने विचारलं, "चंपामावशी, जाळ्याचं एक घर कसं असतं हो?"

"कसं म्हंजे? चारी बाजू सारख्या. नायतर म्हावरं जाईल निसटून."

"आणून दाखवाल? मुलांना?"

"आणते की. मार्गशीर्षात तुमी कोण घेत नाय, मला येळच येळ."

दुसऱ्या दिवशी त्या जाळ्याचा कोरा तुकडा घेऊन आल्या. नलूताई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. "गुरुवार आहे आज, चंपा."

"नवा हाय वैनी. अजून पाणी बी बघितलं नाय यानं."

"बरं. ठेव."

माझ्या पोटावर जाळं. त्यावर चंपाबाईंचा हिरव्या बांगड्यांचा हात. त्यांनी एक घर दोन टोकांना धरून ओढलं. "हे बघा पोरांनो, असं वडलं का घर निमुळतं होतं. असं सोडलं का फुगतं. पन चारी बाजू तेवड्याच. ते बदलत नाय. माणसाचं पन तसंच पायजेल." अक्षदाने दोन दोरे आडवे-उभे लावून दाखवलं, की घर कितीही ओढा, दोन्ही कर्ण एकमेकांना काटकोनात, बरोबर मधोमधच कापतात. साडेचार मिनिटं झाली, अर्धं मिनिट जास्त. त्या रात्री एकतीसपैकी तीस मुलांनी उत्तर पाठवलं. एवढी कधी आली नव्हती.

आता चूक सांगतो. कोणी दुसऱ्याने केली असती तर मला सोपं गेलं असतं.

नलूताईंना तो व्हिडिओ इतका आवडला की त्यांनी तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली सवयीने लिहिलं, 'अकरा जणींना पाठवा, विद्यादानाचं पुण्य लागेल. दुर्लक्ष करू नका.' आणि मंडळातल्या बायका नलूताईंसारख्याच. एकीनेही दुर्लक्ष केलं नाही. अकराचे किती झाले देव जाणे. तिसऱ्या दिवशी तो व्हिडिओ कोणाच्यातरी फेसबुकवर, शाळेचं नाव शोधून काढून.

खाली लोकांनी लिहिलेलं अक्षदाने वाचून दाखवलं. 'शाळा आहे की मासळीबाजार?' 'मार्गशीर्षात देवाच्या चौरंगावर जाळं! या बाईला संस्कार नाहीत.' 'हात बघा, शिक्षिकेचा वाटतो का?' चंपाबाईंच्या हाताबद्दल! ज्या हाताने तीस मुलांना कर्ण समजावले! कोणी एकाने 'छान शिकवलंय' असं लिहिलं होतं, तर त्याच्याशी दहाजण भांडत होते. समभुज चौकोनाबद्दल एक अक्षर नाही.

शाळेतून हेडसरांचं पत्र आलं. शिक्षकांनी समाजमाध्यमांवर कोणतंही अध्यापन करू नये, वर्गाचा ग्रुप तत्काळ बंद करावा. अक्षदाने ग्रुप बंद केला. मला सरळ केलं. काच फ्रिजमध्ये गेली. माझ्यावर टीव्हीचा सेट टॉप बॉक्स आला. पाचेक महिने रोज शिकवल्यानंतर सेट टॉप बॉक्स!

नलूताईंनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. अक्षदा म्हणाली, "आई, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

"मुद्दाम नाही केलं. विचार न करता केलं," त्या म्हणाल्या. "उपास करून काय उपयोग? माझ्या पोटातल्या भुकेने त्या मुलीचं गणित सुटणारे का?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी सेट टॉप बॉक्स जमिनीवर ठेवला, मला बगलेत मारलं आणि परळला शाळेत निघाल्या. हेडसरांच्या खोलीत मला खुर्चीवर ठेवलं, स्वतः उभ्या राहिल्या.

"सर, व्हिडिओ मी पाठवला. बाईंनी नाही. चूक माझी."

"आजी, बसा बसा." सर वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. "कोणी पाठवला हा प्रश्न नाही हो. लोक काय म्हणतात हा प्रश्न आहे. देवाचा चौरंग, त्यावर जाळं..."

"चौरंग माझा. त्यावर बसणारे देव माझे. त्यांची काही तक्रार आलेली नाही."

सर हसले. "समितीत विषय ठेवतो. सभा मार्चअखेर आहे."

"परीक्षा फेब्रुवारीत आहे ना?"

"हो. मग पुढच्या वर्षीपासून बघू."

नलूताईंनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर एक मोठा काळा चकचकीत फळा होता. विजेवर चालणारा, बोटाने लिहायचा, जगातला कुठलाही धडा वर्गात आणणारा. दसऱ्याला आला होता. त्याच्यावरचं कारखान्यातलं प्लॅस्टिक अजून तसंच, प्लॅस्टिकवर पाच बोटं कुंकू, आणि वर झेंडूचा हार वाळून काथ्या झालेला. वर्गात लावला तर मुलं खराब करतील म्हणून इथे लावलेला.

"हा तरी वर्गात न्या की," नलूताई म्हणाल्या.

"त्याचं प्रशिक्षण व्हायचंय."

"अक्षदाला येतो."

"एकटीला येऊन चालत नाही आजी. सगळ्यांचं एकदम झालं पाहिजे."

मी त्या फळ्याकडे बघत होतो. मला त्याची फार ओळख पटली. हार, कुंकू, आणि मग अंधार. अरे, तुझ्या पोटात अख्खी दुनिया आहे, आणि तुला कुंकू लावून ठेवलंय! माझ्या पोटात तर नुसतं लाकूड, तरी माझ्यावर एकतीस पोरं भूमिती शिकली. ज्याला वापरायला भीती वाटते त्याची आपण पूजा करतो, आणि ज्यावर शिकणं सहज होईल तो फोन फुलं पाठवायला ठेवतो. माझी चीड हीच आहे. दोन्हीकडे हात आपलेच.

घरी येताना नलूताई वाटेतच ठरवून आल्या. अक्षदाला विचारलं, "सगळे व्हिडिओ तुझ्या फोनमध्ये आहेत?"

"आहेत. एकशे बेचाळीस."

"सरांनी काय म्हटलंय नक्की?"

"पाठवू नका, ग्रुप ठेवू नका."

"दाखवू नका म्हटलेलं नाही ना?"

दुसऱ्या दिवशी अक्षदाने सरांना फोन करून सरळ विचारलं. सर म्हणाले, "तुमच्या सासूबाईंनी कोणाच्या घरी जावं, हे मी कसं ठरवणार?"

तेव्हापासून रोज दुपारी नलूताई निघतात. हितेंद्रच्या जुन्या फोनमध्ये सगळे व्हिडिओ भरून घेतलेले. करी रोडचा पूल चढायचा, उतरायचा, डिलाईल रोडच्या चाळीचे तीन जिने चढायचे. वय त्रेसष्ट, गुडघे दोन्ही दुखरे. जे साडेसातला एका बोटाने पोचायचं, त्याला आता पाऊण तास लागतो आणि दर मजल्यावर थांबावं लागतं. पहिल्या दिवशी मलाही आणलं, आणि मग मी इथेच राहिलो.

कमलाबाई दारात जरा घुटमळल्या. त्यांच्या घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. "आजी, हा पूजेचा चौरंग. आमच्याकडे तसलं काही..."

पलंगावरून कुशाबा म्हणाले, "यावर देव बसवायचेत काय?"

"नाही हो, कंपास बसवायचाय," नलूताई म्हणाल्या आणि मला उलटं केलं. कुशाबा इतके हसले की खोकलाच लागला.

मग रोज तेच. दीपिका माझ्या पोटावर वही ठेवते, फोन पायाला टेकवते. नलूताई कुशाबांजवळ बसतात, त्यांना पाणी देतात, कूस बदलायला मदत करतात. अक्षदाही रविवारी येते. एकच एक व्हिडिओ इतक्यांदा बघून नलूताईंनाच भूमिती यायला लागली. "बाय, कंपास हलला तुझा. होता तितकाच उघडा ठेव." दीपिका चकित. "आजी, तुम्हाला कसं कळलं?" कुशाबांनी टोमणा मारला, "आता पुढच्या वर्षी आजींचाच नंबर लावा दहावीला."

सगळं गोड वाटतंय ना? मला नाही वाटत. दीपिकासाठी नलूताई आहेत. आणि दुकानात उभा राहणाऱ्या त्या मुलासाठी? भावंडं सांभाळणाऱ्या दोघींसाठी? अक्षदाने हजेरीत बघितलं, त्यांतल्या एकीने जानेवारीपासून शाळाच सोडली. तिच्या चाळीत जाणारे गुडघे कोणाकडे नव्हते. एका बोटाचं काम होतं, आणि आम्ही ते बंद करून बसलो. मी लाकूड आहे, मला रडता येत नाही, पण त्या दिवशी माझा एक पाय करकरला.

आज भूमितीचा पेपर होता. दीपिका सकाळी निघाली तेव्हा कुशाबांच्या पाया पडली. माझ्याकडे वळली, क्षणभर थांबली आणि माझ्या एका पायावर हळूच टिचकी मारून गेली. अकरा ते एक नलूताई इथेच, तोंडाने काहीतरी पुटपुटत.

"तुमच्या देवाला भूमिती येते का हो?" कुशाबांनी विचारलं.

"शिकतोय तोही. आठ महिने खालीच बसलाय."

दीडला दीपिका आली. घामाने डबडबलेली. कोणी काही विचारायच्या आत माझ्याजवळ बसली, वही उघडली, कंपास टेकवला आणि पेपरात आलेली रचना पुन्हा काढायला लागली. काढून झाली तेव्हा म्हणाली, "स्पर्शिका आली होती. ती पहिलीच, जिथे माझा कंपास चुकायचा." आणि मग, "आजी, काच आहे का?"

कमलाबाईंच्या फ्रिजमधली काच आली. नलूताईंनी ती पदराने पुसून माझ्या पायांवर ठेवली, तिच्यावर फोन ठेवला. या वेळी माझ्या पायांच्या मधून आत आला तो दीपिकाचा हात. "नमस्कार. मी तुमची ताई. पुढच्या वर्षी तुम्ही दहावीला असाल. मी जिथे चुकायचे ते आधी दाखवते, मग बरोबर कसं ते." तीन मिनिटं पन्नास सेकंद. शेवटची पायरी तिने मोकळी सोडली.

निकाल यायचाय. किती मार्क मिळतील मला माहीत नाही. आणि समितीची सभा अजून व्हायचीय.

नलूताईंनी फोन उचलला, व्हिडिओ पुन्हा बघितला. डोळे भरलेले. भजनी मंडळाचा ग्रुप समोरच होता. त्यांचं बोट तिकडे गेलं. बोट हवेतच थांबलं. मग त्यांनी फोन उलटा करून माझ्या पोटावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा सभेत दाखवायचा. सरांना विचारून. आधी विचारायचं, मग पाठवायचं. माझा आता हाच नेम."

बस, एवढीच माझी गोष्ट. आता तुम्हीही एक नेम धरा, ही माझी विनवणी. बाईंनो, गुरुजींनो, तुमच्या वर्गातही चारपाच मुलं अशी असतील जी येत नाहीत. त्यांना तुमचा हात दिसू द्या. रोज एक, चारच मिनिटं. सर, तो हार काढा, प्लॅस्टिक फाडा, फळा वर्गात न्या. मुलं खराब करतील. करू द्या. माझ्या पोटावर कंपासची शेकडो भोकं आहेत, आणि मला ती बावीस वर्षांच्या कुंकवापेक्षा प्रिय आहेत. आणि घरातल्या मायबहिणींनो, काही पाठवायच्या आधी बोट जरा हवेत थांबवा.

तुमच्या घरीही कपाटामागे एखादा चौरंग उभा असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, आणि उलटा ठेवा. देव रागावत नाहीत, त्यांना पाट द्या, ते बसतात. काच भाजीच्या खणावर आहे. ती काढली म्हणून भाजी काही बिघडत नाही.